रॉकेलच्या दिव्याची गोष्ट : इग्नात्सी वुकाशेविच



परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही वर्गात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. कुणी पाटा-वरवंटा आणला (तो उचलून आणणाऱ्या आजोबांना नमस्कार), कुणी अडकित्ता, कुणी पितळी तांब्या. एका मुलीनं कंदील आणला. काच काजळलेली, वात सुकलेली. बाजूची तार दाबली की काच वर उचलली जाते, हे वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी ती उचलून दाखवली आणि लगेच प्रश्न आला, याचा शोध कुणी लावला?

आता बघा, शोध आणि शोधकांचा तक्ता आपल्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असतो. टेलिफोनसमोर बेल, विजेच्या दिव्यासमोर एडिसन. कंदील मात्र त्यात नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्याच्या उजेडात भाकऱ्या थापल्या, आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी ज्याच्या उजेडात दहावीचा अभ्यास केला, त्याला तक्त्यात जागाच नाही. मी मुलांना उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन वाचत बसले. उद्याचे चार दिवस झाले, कारण हे उत्तर एका नावात मावणारं नव्हतं. तरी एका नावापासून सुरुवात करावी लागते. ते नाव इग्नात्सी वुकाशेविच. इंग्रजी अक्षरांवरून आपण ते लुकासेविच असं वाचतो, पण पोलंडमध्ये पहिल्या अक्षराचा उच्चार व असा होतो.

पोलंड म्हटलं की कोल्हापूरकडच्या वाचकांना वळिवडे आठवेल. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी तिथं होती. पण आपली गोष्ट त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो आपसांत वाटून घेतला होता. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागाला गॅलिशिया म्हणत. याच गॅलिशियातल्या झादुश्निकी नावाच्या खेड्यात 8 मार्च 1822 रोजी इग्नात्सीचा जन्म झाला. घराणं मानाचं, पण हातात पैसा नाही. वडील पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले. घरात शिकवायला येणारे गृहस्थसुद्धा जुने लढवय्ये. अशा घरातल्या मुलाच्या डोक्यात काय भरलं जात असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चौदाव्या वर्षी इग्नात्सीची शाळा सुटली. कारण तेच, जे आजही आपल्या हजेरीपटावरची नावं गाळतं. घरची परिस्थिती. त्याला वान्त्सुत गावातल्या औषधांच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेवलं गेलं. तेव्हाचं औषधाचं दुकान म्हणजे आजच्यासारखं तयार गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवणारं दुकान नव्हे. तिथं मुळ्या कुटायच्या, अर्क काढायचे, काढे गाळायचे, ऊर्ध्वपातन करायचं, तोळामाशाचं वजन अचूक करायचं. म्हणजे ती एक प्रयोगशाळाच होती. शाळा सुटलेल्या मुलाला रसायनशास्त्र असं हातानं शिकायला मिळालं.

पुढे तो झेशूफ शहरात नोकरीला लागला आणि स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या गुप्त संघटनेतही ओढला गेला. 1846 मध्ये उठावाची तयारी चालू असतानाच पोलिसांनी त्याला पकडलं. जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात गेली. पुरावा नाही म्हणून 1847 च्या अखेरीस सुटका झाली, पण पोलिसांची नजर कायमची मागे लागली. राहायचं ल्विव्ह शहरातच, अशी अट. (हे शहर आज युक्रेनमध्ये आहे.) वय पंचवीस, शिक्षण अर्धवट, कपाळावर राजद्रोही असल्याचा शिक्का. अशा माणसाला नोकरी कोण देणार?

नोकरी दिली प्योत्र मिकोलाश यांनी. ल्विव्हमधलं एक मोठं औषधांचं दुकान त्यांच्या मालकीचं होतं. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी नुसतं कामावर ठेवलं नाही, तर खटपट करून वुकाशेविच यांना विद्यापीठात जायची परवानगीही मिळवून दिली. क्राकूव्हला आणि मग व्हिएन्नाला शिकून 1852 मध्ये त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. चौदाव्या वर्षी सुटलेलं शिक्षण तिसाव्या वर्षी पूर्ण झालं. यापुढे मीही त्यांना अहोजाहो करते.

आता थोडं तेलाकडे वळूया.

गॅलिशियाच्या डोंगरपायथ्याला काही ठिकाणी जमिनीतून काळं, घाण वासाचं तेल आपोआप झिरपायचं. शेतकरी खड्डा करून ते गोळा करत. गाडीच्या आसाला वंगण म्हणून लावत, गुरांच्या कातडीच्या रोगांवर चोळत. पेटतं हेही सगळ्यांना माहीत होतं, पण घरात पेटवायची सोय नव्हती. इतका धूर आणि इतकी काजळी, की डोळे चुरचुरायचे. द्रोहोबिचच्या दोन व्यापाऱ्यांच्या मनात आलं, की हे तेल गाळून त्यातून विकण्यासारखं काहीतरी निघेल. असं सांगतात, की त्यांना त्यातून चक्क दारू काढता येईल असं वाटलं होतं! ते तेल घेऊन मिकोलाश यांच्या दुकानात आले. दारू काही निघाली नाही. पण दुकानातले दोन तरुण, वुकाशेविच आणि त्यांचे सहकारी यान झे, त्या काळ्या तेलाच्या मागे लागले ते लागलेच.

त्यांनी काय केलं, हे आपण नीट समजून घेऊया, कारण मुलांना सांगण्यासारखा खरा भाग हाच आहे. जमिनीतून येणारं तेल हा एक पदार्थ नाही. अनेक पदार्थांची ती खिचडी आहे. तापवत गेलं की सगळ्यात हलका भाग आधी वाफ होऊन निघतो. त्यालाच आपण पुढे पेट्रोल म्हणू लागलो. मग मधला भाग निघतो, साधारण 150 ते 275 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. आणि तळाशी उरतो डांबरासारखा जड गाळ. दिव्याला हवा तो फक्त मधला भाग. जड भाग राहिला तर दिवा धुरकटतो, वातीवर काजळी धरते. हलका भाग राहिला तर त्याहून वाईट, दिव्याचा स्फोट होतो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. चांगलं रॉकेल मात्र साधारण 37-38 अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. या दोघांनी तो मधला भाग वेगळा केला, मग तीव्र सल्फ्युरिक आम्लानं आणि नंतर सोड्याच्या द्रावणानं धुऊन घेतला. वास बराच कमी झाला, रंग उतरला, पातळ आणि स्वच्छ तेल हाती आलं.

पुढची अडचण होती ती दिव्याची. तेव्हाचे दिवे वनस्पतीच्या तेलावर चालत. हे तेल घट्ट असतं, वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून काही दिव्यांत तेलाची टाकी वातीच्या वर बसवत, काहींत चावीचा पंप बसवत. अशा दिव्यांत नवं पातळ तेल घातलं तर ते भडकायचं. म्हणजे तेल तयार, पण त्याला घर नाही. इथं तिसरा माणूस आला, आदाम ब्रात्कोव्स्की, ल्विव्हमधला पत्र्याचं काम करणारा कारागीर. वुकाशेविच यांनी कल्पना सांगायची, यानं पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन वस्तू बनवायची, ती बिघडायची, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं ते असं. खाली जाड पत्र्याची तेलाची टाकी, तिच्यात बुडलेली वात, वर ज्योतीभोवती पत्र्याचं नळकांडं, त्याला हवा यायला भोकं आणि उजेड बाहेर पडायला काचेऐवजी अभ्रकाच्या खिडक्या. अभ्रक उष्णतेनं तडकत नाही म्हणून.

पंप नाही, चावी नाही. पातळ तेल वातीतून स्वतःच वर चढतं. वर्गात हे दाखवायला रॉकेलची गरज नाही, आणि कृपया आणूही नका. पांढरा खडू निळ्या शाईच्या पाण्यात उभा करा आणि गप्प बसा. निळा रंग वर चढताना मुलं स्वतःच ओरडतील. मग तेच पाणी आणि गोडंतेल अशा दोन वाट्यांत सुती वाती सोडा आणि कोण लवकर चढतं ते बघायला सांगा. जुन्या दिव्याला पंप का लागत होता, हे न सांगता कळतं.

मार्च 1853 मध्ये हा दिवा मिकोलाश यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत पेटवून ठेवला गेला. येणारे-जाणारे बघून जात. पण खरी परीक्षा झाली 31 जुलै 1853 च्या रात्री. ल्विव्हच्या सरकारी इस्पितळात एका रुग्णावर तातडीनं शस्त्रक्रिया करायची होती. मेणबत्त्यांच्या थरथरत्या उजेडात सर्जन सहसा रात्री हात लावत नसत, सकाळची वाट बघत. त्या रात्री सकाळपर्यंत थांबण्याची सोय नव्हती. वुकाशेविच यांचे दिवे मागवले गेले आणि त्यांच्या उजेडात शस्त्रक्रिया पार पडली. इस्पितळानं नंतर या तेलाची मोठी मागणी नोंदवली. पोलंडमध्ये आजही 31 जुलै हा दिवस त्यांच्या तेल उद्योगाचा जन्मदिवस मानतात.

इथं आपली गोष्ट थांबवली असती तर तक्त्यात छान बसली असती. पण मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

तेल शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट डिसेंबर 1853 मध्ये निघालं ते यान झे यांच्या नावावर. दिव्याचं पेटंट वुकाशेविच यांनी घेतलं नाही. कोणाचा वाटा किती, यावर नंतर वाद झाले, तसे ते होतातच. झे यांनी ल्विव्हमध्ये या नव्या तेलाचं दुकान काढलं. 1858 मध्ये त्या दुकानात आग लागली आणि त्यात झे यांची तरुण पत्नी गेली. झे यांनी या धंद्यातून अंग काढून घेतलं आणि पुन्हा औषधांकडे वळले. पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये, वुकाशेविच यांचा तेल शुद्ध करण्याचा कारखानाही जळून खाक झाला. स्टोव्हचा भडका, रॉकेलचा भडका हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांतून कित्येक वर्षं येत राहिले. उजेड देणाऱ्या वस्तूचं हे दुसरं अंग तिच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर होतं. ते मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. तेल पूर्ण वेगळं करणं, भेसळ न करणं, टाकी घट्ट असणं या गोष्टी त्या वेळी कुणाच्या तरी जिवाच्या होत्या.

वुकाशेविच मात्र मागे हटले नाहीत. ल्विव्ह सोडून ते तेलाच्या जवळ राहायला गेले, गोर्लित्से गावी. तिथं औषधांचं दुकान चालवायला घेतलं आणि गावातल्या चौरस्त्यावरच्या एका छोट्या देवळीत रॉकेलचा दिवा लावला. रॉकेलवर चालणारा जगातला पहिला रस्त्याचा दिवा आमचा, असं गोर्लित्सेचे लोक अभिमानानं सांगतात. घरातला उजेड रस्त्यावर आला.

दिवा घरोघरी न्यायचा तर तेल हवं, आणि झिरपणाऱ्या तेलावर किती दिवस भागणार? 1854 मध्ये जमीनदार तितुस त्शेचेस्की यांच्याबरोबर वुकाशेविच यांनी बुब्र्का इथं तेलाची खाण सुरू केली. खाण म्हणजे आपल्या विहिरीसारखी, कुदळ-फावड्यानं खणलेली. बाजू लाकडी फळ्यांनी बांधायच्या, माणूस दोरानं खाली सोडायचा, वरून भात्यानं हवा पुरवायची, कारण खाली वायू साठतो. त्यातल्या फ्रानेक नावाच्या विहिरीची खोली हातानं खणून 50 मीटरपर्यंत नेली होती. आपल्याकडची खोल विहीर डोळ्यांपुढे आणा आणि तिच्या दोन-तीन पट खाली जा, तेही पेटणाऱ्या वायूत.

इंग्रजी पुस्तकं तेल उद्योगाची सुरुवात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात 1859 साली झाली असं सांगतात. कर्नल ड्रेक यांनी तिथं टायटसव्हिल गावी विंधन विहीर घेतली. बुब्र्काची खाण त्याच्या पाच वर्षं आधीची. पण म्हणून पोलंडच पहिला असं म्हणायची घाई मी करणार नाही. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात तेल त्याही आधीपासून काढत होते. आणि कॅनडाच्या अब्राहम गेस्नर यांनी 1846 मध्येच कोळशापासून दिव्याचं तेल काढून दाखवलं होतं. केरोसिन हे नाव त्यांचंच, मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून केलेलं. एकाच वेळी जगाच्या तीन-चार कोपऱ्यांत माणसं एकाच अंधाराशी झगडत होती. आपला रॉकेल हा शब्दही बघा, त्यात रॉक आणि ऑइल दोन्ही लपलेत. खडकातलं तेल.

वुकाशेविच यांच्याकडे पुढे भरपूर पैसा आला. होरकुव्का गावी त्यांनी जमीन घेतली, मोठा कारखाना उभारला. घरात मात्र दुःख होतं. 1857 मध्ये होनोराता यांच्याशी लग्न झालं, मुलगी झाली आणि तान्हेपणीच गेली. पुढे त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. मिळालेला पैसा त्यांनी भागात रस्ते आणि पूल बांधायला वापरला. लोक गमतीनं म्हणत, की इथले रस्ते यांच्या नाण्यांनी बांधलेत. खाणकामगारांसाठी एक निधी सुरू केला. प्रत्येकाच्या मजुरीतून थोडी रक्कम त्यात जमा व्हायची आणि आजारपणात औषधपाणी, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळायचं. विचार करा, हे एकोणिसाव्या शतकात, तेही खेड्यात. मुलींना हस्तकला शिकवण्यासाठी त्यांनी होरकुव्कात लेस विणण्याची शाळा काढली. 1863 मध्ये रशियाविरुद्ध पोलिश उठाव झाला, तेव्हा बंडखोरांना पैसा पुरवला आणि हरलेल्यांना आपल्या कारखान्यात आसरा दिला. तुरुंगात गेलेला तो तरुण कुठं हरवला नव्हता. त्या पंचक्रोशीतले लोक त्यांना बाबा इग्नात्सी म्हणायचे.

आणि एक गोष्ट, जी शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त आवडली. तेलाचा धंदा शिकायला कुणीही आलं, तरी ते शिकवायचे. तेल कसं काढायचं, कसं गाळायचं, भट्टी कशी लावायची, सगळं उघड करून दाखवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. उद्या हाच माणूस शेजारी कारखाना काढून आपलं गिऱ्हाईक पळवेल, असा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. पुढे गॅलिशियातल्या तेल उत्पादकांची संघटना झाली, तेव्हा पहिलं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. प्रांताच्या विधिमंडळातही ते निवडून गेले.

7 जानेवारी 1882 रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. वय साठसुद्धा नव्हतं. जवळच्या झ्रेंचिन गावी त्यांचं दफन झालं. तिथलं चर्च त्यांनी आणि त्यांचे भागीदार क्लोबासा यांनीच बांधून दिलेलं. जन्माला 200 वर्षं झाली म्हणून पोलंडच्या संसदेनं 2022 हे वर्ष त्यांच्या नावानं साजरं केलं.

बुब्र्काला आज संग्रहालय आहे. तिथं जुने दिवे आहेत, लाकडी मनोरे आहेत आणि वुकाशेविच यांनी 1872 मध्ये खाणीची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभही आहे. फ्रानेक विहीर अजून आहे. वाकून पाहिलं तर खाली तेल दिसतं, त्यातून वायूचे बुडबुडे येत असतात.

पाचव्या दिवशी मी ही गोष्ट वर्गात सांगितली. मग तो कंदील सगळ्यांनी मिळून साफ केला. काच राखेनं घासली, फडक्यानं पुसली. कराडजवळच्या ओगलेवाडीला प्रभाकर कंदील बनत, हे मी जाता जाता सांगितलं, आणि घरी जाऊन आजीला विचारून या म्हटलं, की तुमच्या घरचा कंदील कुठला होता. दुसऱ्या दिवशी बारा मुलं आजीची उत्तरं घेऊन आली. भिंतीवरच्या तक्त्यात खाली थोडी जागा होती. तिथं मुलांनी स्केचपेननं कंदील काढला आणि समोर नावं लिहिली. वुकाशेविच, झे, ब्रात्कोव्स्की. एकानं चौथं नाव टाकलं, नोकरी देणाऱ्या मिकोलाश यांचं. मी खोडलं नाही.